काटा मधोमध

रविवारची सकाळ झाली की त्या घरात सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असायचा, आणि त्या गोष्टीत जागा होत्या दोन. एक बाबांची, ती ठरलेलीच. दुसरी ताईची, तीही ठरलेलीच. धाकटीच्या मते जगातला सगळा अन्याय या दुसऱ्या ‘ठरलेलीच’मध्ये भरलेला होता.

गाडी हिरवी, बुटकी, लांब नाकाची आणि वयाने बाबांपेक्षा मोठी. शर्यतीसाठी बनवलेली, त्यामुळे मागे सीट नाही. मागे जी फट होती तिच्यात एक छत्री आडवी मावायची, तीही मिटलेली. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. आठवडाभर ते लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि रविवारी टोपी घालून या गाडीत बसायचे. एरवी भाजी आणायला पाठवलं तरी रस्ता चुकणारा माणूस, पण गाडीत बसला की खांदे कसे ताठ व्हायचे.

इंजिनाचा स्वभाव मात्र एखाद्या मानी पाहुण्यासारखा होता. जरा तापलं की वाफा सोडणार, जरा गार पडलं की खोकत बसणार. त्याला सगळं मधलं लागायचं. त्यासाठी एक काटा होता. तो मधोमध असला की बाबांच्या चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखी शांतता. आता तुम्ही म्हणाल, मग बघावं की त्या काट्याकडे. पण ज्याने कुणी ही गाडी बनवली त्याने बाकी सगळे काटे चालवणाऱ्यासमोर लावले होते आणि हा एक बहुतेक विसरला होता. मग आठवल्यावर जिथे जागा उरली तिथे, म्हणजे शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यांसमोर, ठोकून दिला होता. चालवणाऱ्याला तो बघायचा तर मान मोडून घ्यावी लागली असती.

म्हणून शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला काम असायचं. काटा वर सरकला की हिटरचा खटका उघडायचा. हो, हिटरच. भर उन्हाळ्यातसुद्धा. हिटर उघडला की इंजिनाची उष्णता आत येते, इंजिन गार होतं आणि बसणाऱ्याचे पाय भाजतात. काटा खाली गेला की खटका बंद. इतकंच. हे काम ताई करायची, काळा गॉगल लावून, मान ताठ ठेवून, अवाक्षर न बोलता. बाबा येईल-जाईल त्याला सांगायचे की पोरीची एकाग्रता बघा, तासभर काट्यावरून नजर हलत नाही.

धाकटीला ताईच्या गॉगलचा हेवा वाटायचा. डोक्याला बांधलेल्या रुमालाचा वाटायचा. इतकंच काय, भाजलेल्या पायांचासुद्धा वाटायचा. ताई घरी येऊन बादलीत पाय सोडून बसली की धाकटी नाक मुरडायची, कसली मिरवतेय बघा. ती स्वतः त्या सीटवर बसली होती, नाही असं नाही. पण गॅरेजमध्ये, गाडी बंद असताना आणि घरात कुणी नसताना. तोंडाने इंजिनाचा आवाज काढत.

आळीपाळीने बसवा म्हणावं तर बाबा ऐकायचे नाहीत. इंजिनाला एका हाताची सवय लागते, म्हणायचे. त्यांच्या या सिद्धान्ताचा पहिला बळी होती आई. लग्न झालं तेव्हा ती सीट आईची होती. पण आई काटा सोडून सगळीकडे बघायची. पुढे वळण आहे, गिअर बदला, त्या सायकलवाल्याकडे लक्ष आहे ना, अशी तिची बडबड सुरू असायची. सीटवर बसल्यावर ताईचे पाय खाली टेकायला लागले त्या वर्षी बाबांनी आईला अतिशय प्रेमाने खाली उतरवलं. गंमत अशी की गाडीचं पान्याचं सगळं काम अजून आईकडेच होतं. बाबांना हात काळे करून चालायचं नाही, काचा पुसायच्या असायच्या. त्यामुळे बॉनेटच्या आत आई आणि बॉनेटच्या बाहेर मऊ फडकं घेऊन बाबा, अशी वाटणी होती. सीटबद्दल आई कधी एका शब्दाने बोलली नाही. फक्त रविवारी सकाळी गाडी फाटकाबाहेर पडली की घरातली भांडी जरा जास्त वाजायची.

आणि मग आली चढाई.

जुन्या गाड्यांच्या क्लबाची ही वर्षाची मोठी सफर. सगळ्यांनी ओळीने डोंगर चढायचा, वर जाऊन फोटो काढायचे. बाबांनी जाहीर केलं की या वर्षी आपणही जायचं, आणि त्याआधी सराव करायचा. धाकटीने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, चढाईला शेजारी कोण? बाबांनी ताईकडे बघून मान हलवली. विचारण्यासारखं काय त्यात, असा चेहरा. धाकटीच्या घशात घास अडकला. आईने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि का कोण जाणे, स्वतःही घटाघटा पाणी प्यायली.

धाकटीने ठरवलं. ताईला त्या सीटवरून कुणी उतरवणार नसेल तर काटा उतरवेल. भर सरावात इंजिन तापलं, वाफा निघाल्या, की बाबांच्या लक्षात येईल की एकाग्रता वगैरे काही नाही, नुसता गॉगल आहे. तापवायचं कसं, हेही तिला ठाऊक होतं. थंडीत ट्रकवाले रेडिएटरपुढे गोणपाट अडकवतात म्हणजे वारा लागत नाही आणि इंजिन लवकर गरम होतं, असं कधीतरी आईनेच सांगितलं होतं. गोणपाट कुठून आणणार? पण दुकानात फ्रेमांची खोकी येतात. शनिवारी दुपारी बाबा दुकानात असताना तिने एका खोक्याची बाजू कापली आणि जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत तो पुठ्ठा सरकवला. बाहेरून काही दिसत नव्हतं. गॅरेजमधून बाहेर पडताना दारात आई भेटली. आईच्या नखांत काळं होतं आणि हातात पर्स. कपड्यांचे चिमटे शोधायला आले होते, आई म्हणाली. मी पण, धाकटी म्हणाली. चिमटे गॅरेजमध्ये कधीच नसतात हे दोघींना ठाऊक होतं, पण घाईत कोण एवढा विचार करतो.

रविवारी सरावाहून परत येताना बाबांनी फाटकापासूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. धाकटी धावली. मनात म्हणाली, गेलं, उकळलं, आता ताईचं काही खरं नाही.

“मधोमध,” बाबा खाली उतरत म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. “निघाल्यापासून येईपर्यंत मधोमध. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ही पोर म्हणजे सोनं आहे.”

सोन्याने गॉगल काढला, डोळे चोळले आणि माझे पाय भाजले म्हणून कुरकुर केली. धाकटीने आईकडे बघितलं. वाटलं, निदान आई तरी हसत असेल. पण आई बॉनेटकडे असं बघत होती जणू त्याने तिचे पैसे बुडवलेत.

पुठ्ठा कमी पडला, धाकटीने निष्कर्ष काढला. आठवड्याच्या मध्येच एक सुट्टी आली, त्या दिवशी पुन्हा सराव होता. तिने दुसरा पुठ्ठा लावला, पहिल्यापेक्षा रुंद. आता नाही तापलं तर ते इंजिनच नाही. सराव झाला. काटा मधोमध. उलट बाबा म्हणाले की आज चढ जास्त होता आणि तरी केसभर हलला नाही. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुठ्ठा लावून, आणखी पुठ्ठा लावून, ताईची कीर्ती वाढतच चालली होती. म्हणजे ताईला खरंच जमत होतं. हा विचार सगळ्यात वाईट होता. मत्सर करावा तर निदान समोरच्याने मोठेपणा फुकट मिरवलेला असावा. खरोखर गुणी असलेल्या माणसाचा मत्सर करणं फार दमवणारं काम असतं.

कीर्ती घरात राहिली असती तरी चाललं असतं. पण बाबांनी ती क्लबात नेली. तिथे होते वकीलकाका. त्यांची गाडी पांढरी, लांबलचक, मऊ सीटांची, आणि दर वर्षी डोंगराच्या तिसऱ्या वळणावर न चुकता उकळणारी. काका वेळेवर थांबायचे नाहीत आणि शेजारी बसलेल्या वकीलकाकूंनी थांबा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. यंदा काकूंनी सरळ सांगितलं होतं की मी क्लबाच्या मिनीबसमधून येईन, तिथे निदान बोललेलं ऐकतात. बाबांच्या काट्याची गोष्ट ऐकल्यापासून वकीलकाकांना झोप नव्हती. एका संध्याकाळी ते केक घेऊन घरी आले.

बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग काका घसा साफ करून म्हणाले, “तुमची थोरली मला एका दिवसासाठी हवी होती. चढाईला.”

बाबांच्या हातातला केकचा तुकडा तसाच राहिला. “माझी मुलगी म्हणजे काय स्टेपनी आहे का, काढली आणि दुसऱ्या गाडीला लावली?”

“मोठ्या लेकीने निवडावं,” काका म्हणाले. वकीलच ते.

ताईने क्षणभरही विचार केला नाही. काकांच्या गाडीत हिटर आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर ती हो म्हणाली. बाबांचा चेहरा असा पडला की त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मासुद्धा खाली घसरला. केक उरला तो कुणी खाल्ला नाही. म्हणजे ताईने खाल्ला.

वकीलकाका गेले. सीट मोकळी होती. गाडी घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणाची नसलेली सीट. “मी बसते,” आई आणि धाकटी एकाच वेळी म्हणाल्या. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि ते काही मायलेकींचं बघणं नव्हतं. बाबांनी आढ्याकडे बघत विचार केला. आई बसली तर वरपर्यंत गिअरबद्दल ऐकावं लागेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. बहिणीचं रक्त आहे, जमेल हिला, असं म्हणून त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. आई उठली आणि आत गेली. भांडी वाजली.

धाकटीने शनिवारी दुपारी पहिलं काम केलं ते दोन्ही पुठ्ठे काढण्याचं. आता ती स्वतः बसणार होती. आता इंजिनाने शहाण्यासारखं वागायला हवं होतं. खोक्यांवर दुकानाचं नाव छापलेलं असल्यामुळे घरच्या कचऱ्यात टाकायची सोय नव्हती. तिने ते डिकीत स्टेपनीखाली सरकवले. मन कसं हलकं झालं. आता सगळं होतं तसं झालं, तिला वाटलं. हे तिला वाटलं, एवढंच खरं होतं.

चढाईच्या सकाळी डोंगरावर धुकं होतं आणि हवा बोचरी. धाकटीने ताईचाच रुमाल डोक्याला बांधला, दुकानातला सगळ्यात मोठा गॉगल लावला आणि सीटवर बसली. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक हात हलवत होते. तिने इतक्या वेळा मनात हा प्रसंग रंगवला होता की खरा घडताना तो ओळखीचाच वाटला. पुढे पांढऱ्या गाडीतून ताईने मागे वळूनही बघितलं नाही. बरं झालं.

पहिल्या वळणाच्या आत गाडी खोकली. मग शिंकली. मग एक गचका देऊन पुन्हा खोकली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जायला लागल्या.

“काटा?” बाबांनी विचारलं.

“खाली.”

“खाली म्हणजे? मधून किती खाली?”

“खाली म्हणजे खाली, बाबा. झोपलाय.”

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. तापण्याची त्यांना सवय होती. तापलं की काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण गारठलेलं इंजिन त्यांनी इतक्या वाईट अवस्थेत कधी पाहिलं नव्हतं. हिटर बंद कर, ते म्हणाले. बंदच आहे, धाकटी म्हणाली. खटका बंद होता हे खरं, आणि तरीही तिच्या पायांवर कोमट वारा येत होता हेही खरं. तिने खटका उघडून पुन्हा बंद केला. काही फरक नाही. खटका म्हणजे नुसता शोभेचा झाला होता.

गाडी आता चालत्या माणसापेक्षा हळू चढत होती. कडेने एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत त्यांना मागे टाकून गेले आणि जाताना त्यांनी आपुलकीने टोपी काढली. बाबांनी आयुष्यात एवढा अपमान सहन केला नव्हता. धाकटीला ऐकू आलंच. ताई असती तर. ते तसं बोललेच नाहीत, तरी ऐकू आलं.

तिला रडू यायला लागलं. गॉगल मोठा होता म्हणून निभावलं. आणि तेवढ्यात गॉगलच्या आत, डोळ्यांतल्या पाण्यात, तिला एकदम सुचलं. गार पडलंय ना? मग पांघरूण घाला.

“बाबा, थांबवा गाडी.”

बाबांनी कडेला घेतली. धाकटी उतरली, डिकी उघडली, स्टेपनीखालून पुठ्ठे ओढून काढले आणि बॉनेट उघडून पहिला पुठ्ठा फटीत सरकवला. बाबा तिच्याकडे नुसते बघत राहिले. हे पुठ्ठे डिकीत कसे, असं त्यांनी विचारलं. स्टेपनी खडखडते म्हणून, ती म्हणाली. एवढं पटकन सुचल्याचं तिचं तिलाच कौतुक वाटलं. बाबांचा चष्मा धुक्याने भरला होता. तो पुसायला ते कोरडं फडकं शोधत डिकीकडे गेले.

तेवढ्यात मागून क्लबाची मिनीबस आली आणि थांबली. सगळ्यांच्या घरची माणसं तीत होती. आई खाली उतरली, पर्स छातीशी धरून. ती बॉनेटपाशी आली आणि तिने आत बघितलं. फटीतला पुठ्ठा बघितला. धाकटीच्या हातातला दुसरा बघितला.

“दोन होते?” तिने हळूच विचारलं.

धाकटीने मान हलवली.

“कधीपासून?”

“पहिल्या सरावाला एक. मग दोन.”

“तरीच,” आई म्हणाली. तिने आजूबाजूला बघितलं आणि पर्स उघडली. आत रुमालात गुंडाळलेली एक पितळी चकती होती, लहान डब्याच्या झाकणाएवढी. धाकटीने ती पूर्वी पाहिली होती, पण इंजिनाच्या आत. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं आणि तापलं की वाट मोकळी करून द्यायची, हे त्या चकतीचं काम. थर्मोस्टॅट म्हणतात तिला. ती काढून टाकली की पाणी सुरुवातीपासून धो धो फिरतं आणि इंजिन काही केल्या गरम होत नाही.

“ही काढली,” आई कुजबुजली. “तरी ती बया आपली मधोमध. मग हिटरचा नळ तारेने बांधून कायमचा उघडा केला. तरी मधोमध. मला वाटलं, पोरीच्या अंगात काहीतरी आहेच.”

एक जण गाडी तापवत होती, दुसरी गारठवत होती, आणि दोघींच्या मध्ये तो काटा बिचारा निमूट उभा होता. धाकटीला हसू यायला लागलं, पण मग तिला काहीतरी आठवलं.

“पण आई, आज ताई नव्हती. आज मी बसणार होते. हे तुला माहीत होतं.”

आईने दरीकडे नजर वळवली. “मला वाटलं, बघू दे हिलाही.”

“मी तुझी मुलगी आहे.”

“ती पण माझीच आहे,” आई म्हणाली.

डिकी धाडकन बंद झाली. बाबा येत होते. आई दचकली, रुमाल हातातून सुटला आणि चकती रस्त्यावर टणकन पडली. पडून गप्प राहील तर ती चकती कसली. ती उभी राहिली आणि उतारावरून गडगडत, मिनीबसच्या चाकांमधून वाट काढत, मागच्या वळणावरून थेट दरीत गेली. बराच वेळ टण टण ऐकू येत राहिलं.

“काय पडलं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही,” आई म्हणाली. “जुनंच होतं.”

मग तिने बाह्या सरसावल्या, बॉनेटखाली वाकून तारेचा वेढा सोडवला आणि उठताना धाकटीच्या कानात सांगितलं, आता एकच पुरे, दुसरा राहू दे. गाडी निघाली आणि काटा हळूहळू उठला. आळस देत, एक एक घर चढत मध्यावर आला आणि थांबला. धाकटीने खटका बंदच ठेवला, पाय लांब केले आणि वरपर्यंत काट्यावरून नजर काढली नाही. तिला जमत होतं. खरंच जमत होतं.

तिसऱ्या वळणावर पांढरी गाडी उभी होती. तिच्या नाकातून वाफेचे लोट निघत होते आणि वकीलकाका कपाळाला हात लावून शेजारी उभे होते. कठड्यावर ताई बसली होती, गॉगल लावून, मान ताठ. बाबांनी गाडी हळू केली. काका कळवळून म्हणाले की हिने शेवटपर्यंत एक अक्षर सांगितलं नाही हो, मी विचारत होतो तरी. बाबांनी अतिशय सहानुभूतीचा चेहरा केला आणि तो टिकेना म्हणून गाडी पुढे काढली. धाकटीने मागे वळून बघितलं. ताईची मान जरा कलली, मग दचकून सरळ झाली. आणि धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई झोपली होती. गॉगलच्या आड ती आज झोपली होती आणि याआधीचे सगळे रविवारही, निघतानाच खटका उघडून, झोपली होती. म्हणून हिटरचा खटका निकामी झालाय, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

वर पोचल्यावर फोटो झाले, कॉफी झाली. धाकटी वाट बघत होती. पुठ्ठ्याची युक्ती, वरपर्यंतचा काटा, एवढं सगळं झाल्यावर आता माणूस काय म्हणेल? सीट तुझी, असंच म्हणेल ना?

बाबा क्लबातल्या मंडळींना सांगायला लागले. म्हणाले, मी आज डोळ्यांनी बघितलं. माझी थोरली दुसऱ्या गाडीत बसली तर माझी गाडी गारठून पडली आणि ती गाडी उकळली. इंजिनाला हाताची सवय लागते हे मी उगीच म्हणत नव्हतो. धाकटीने पुठ्ठा लावून वेळ मारून नेली, गुणाची आहे ती. पण यापुढे त्या सीटवर ताईशिवाय कुणी बसायचं नाही. अगदी जन्मभर.

ताई पांढऱ्या गाडीतून नुकतीच रखडत वर आली होती. तिने हे ऐकलं आणि तिच्या हातातला कॉफीचा कप कलंडला. धाकटीने आईकडे बघितलं, आईने धाकटीकडे. बोलायची सोय नव्हती. एकीने तोंड उघडलं असतं तर दुसरीचंही उघडं पडलं असतं.

आता त्या घरात शनिवारची दुपार अशी असते. बाबा दुकानात असतात. गॅरेजमध्ये दोन स्टुलं मांडलेली असतात. तशी चकती कुठेही मिळत नाही. आईने हळूच सगळीकडे चौकशी करून हात टेकले. त्यामुळे काटा मधोमध ठेवायचा तर दर आठवड्याला हवा बघून पुठ्ठा ठरवावा लागतो. भिंतीला लहान-मोठे पुठ्ठे ओळीने टेकवलेले असतात. आई दारातून बोट बाहेर काढून वारा बघते. ढग आहेत, ती म्हणते, रुंद लाव. धाकटी म्हणते दुपारी ऊन पडेल, मधला बरा. मग वाद होतो, चहा होतो, चहाबरोबर बिस्किटं होतात आणि पुठ्ठा लागतो. काटा अजून एकदाही हलला नाही. बाबांनी ताईचा फोटो दुकानात लावला आहे.

परवा ताई गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. रविवारी पहाटे उठून तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तिला सगळं कळलं होतं; पुठ्ठ्यांची ती रांग बघून कुणालाही कळलं असतं.

“एकदा तरी चुकवा ना गं,” ती म्हणाली. “एकदाच तापू दे. मला रविवारी झोपायचंय.”

“आणि आमचं नाव घालवू?” आईने विचारलं.

धाकटी एका डोळ्याने पुठ्ठ्याची कड सरळ आहे का बघत होती, बाबा चष्म्याची फ्रेम बघतात तशी.

ताई तिथेच घुटमळली. वाफाळणाऱ्या चहाकडे बघितलं, बिस्किटांकडे बघितलं, आईच्या आणि धाकटीच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं. तिच्या तोंडावर एक भाव आला. धाकटीने तो लगेच ओळखला. स्वतःच्याच चेहऱ्यावरचा होता तो, कितीतरी रविवारांचा.

“मग मी पण बसते ना इथे तुमच्यात,” ताई म्हणाली.

धाकटीने पुठ्ठा फटीत सरकवला, हात झटकले आणि आपल्या स्टुलावर नीट बसून घेतलं.

“जागा दोनच आहेत,” ती म्हणाली.